रेड डेझर्टमध्ये एल्कच्या शिकारीआधीची पाहणी : अनोळखी माळ कसा वाचावा?

चाकोरी | ९ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षे कोलोरॅडोत राहतो आणि त्यांपैकी चार वर्षे तेथील डोंगरांत एल्कच्या शिकारीला जातो. आजवर दोन माद्या मिळाल्या, दोन वर्षे हात हलवत परतलो. यंदा वायोमिंगच्या सोडतीत रेड डेझर्ट भागातील मादी-एल्कचा टॅग, म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना, लागला आहे. हंगाम ऑक्टोबरमध्ये आहे आणि त्या मुलखात मी आजवर पाऊलही ठेवलेले नाही.

ज्यांना हा प्राणी परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एल्क हा आपल्या सांबरापेक्षा थोराड, काश्मीरच्या हंगुलचा भाऊबंद. पूर्ण वाढलेली मादी साधारण सव्वादोनशे किलोंची आणि नर तीनशे किलोंच्या पुढचा असतो. कोलोरॅडोत मी त्याला स्प्रूसच्या दाट जंगलात शोधत आलो. तेथे शंभर पावलांपलीकडचे दिसत नाही, त्यामुळे कान आणि नाक यांच्यावरच भिस्त असते. येथे प्रकार उलटा आहे. उपग्रहाच्या चित्रांत पाहतो तर मैलोन्‌मैल सेजब्रशची करडी झुडपे, मध्येच वाळूच्या टेकड्या, एखादे सपाट माथ्याचे पठार आणि झाड म्हणावे असे जवळजवळ काहीच नाही. एवढे मोठे जनावर या उघड्या माळावर लपते तरी कुठे, हाच मला पडलेला पहिला प्रश्न आहे.

ऑगस्टमध्ये तीन-चार दिवस आणि सप्टेंबरच्या अखेरीस दोन दिवस मी पाहणीसाठी काढू शकतो. हे दिवस कसे वापरावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

गवताळ | १० जून २०२५, सकाळी ७:१५

अभिनंदन. मी वायोमिंगमध्ये अठरा वर्षे आहे आणि त्या माळावर बरेच टायर फाडून घेतले आहेत, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

एल्क मूळचा डोंगरातला, ही समजूत आधी काढून टाका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला एल्कचे मोठे कळप मैदानांवरच भेटले होते. वस्ती, कुंपणे आणि बंदुका यांनी त्यांना डोंगरांत रेटले. रेड डेझर्टमधला स्टीमबोट पर्वताभोवतीचा कळप त्यामुळे काही चमत्कारिक अपवाद नाही. तो आपल्या पूर्वजांसारखाच राहतो आहे, एवढेच.

पाहणीचा पहिला अर्धा भाग घरी बसून उरकता येतो. भूव्यवस्थापन विभागाचे, म्हणजे ज्याला सगळे बीएलएम म्हणतात त्याचे, १:१,००,००० प्रमाणाचे नकाशे घ्या आणि फोनवर ऑनएक्ससारख्या ॲपमध्ये तोच भाग जाण्यापूर्वी उतरवून ठेवा, कारण तेथे फोनला रेंज मिळेल अशी आशा ठेवू नये. नकाशावर सर्वप्रथम जमिनीची मालकी पाहा. १८६२ आणि १८६४ च्या कायद्यांनी युनियन पॅसिफिक रेल्वेला लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस मैलांपर्यंत एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे बहाल केले होते, आणि त्यामुळे इंटरस्टेट ८० च्या आसपासचा मुलूख आजही बुद्धिबळाच्या पटासारखा एक घर सरकारी, एक घर खासगी असा आहे. सरकारी घरातून कोपऱ्यावर पाऊल टाकून तिरक्या सरकारी घरात जाणे दहाव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवले. मात्र खासगी जमिनीला पाय लागता कामा नये, आणि तो कोपरा अंदाजाने नव्हे, नेमका ठाऊक हवा. माझा सल्ला असा की, या वादात न पडता उत्तरेकडे सरका. जॅक मॉरो हिल्स आणि स्टीमबोटच्या बाजूला हा पट जवळजवळ संपतो आणि सलग सरकारी जमीन लागते.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या राज्यातील शिकाऱ्याला वायोमिंगच्या अधिकृत वाइल्डरनेस क्षेत्रात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी परवानाधारक वाटाड्या किंवा परवाना घेतलेला स्थानिक सोबती लागतो. रेड डेझर्टमध्ये नकाशावर जी नावे दिसतात ती 'वाइल्डरनेस स्टडी एरिया' आहेत. त्यांना ती अट लागू नाही. दोन्हींत गल्लत करून लोक उगाच चांगला मुलूख सोडून देतात.

नंतर पाणी. प्रत्येक झरा, पवनचक्की, गुरांची टाकी, मातीचा बंधारा नकाशावर टिपा. वाळवंटात जनावर पाण्याशी बांधलेले असते. पाण्यावर ताजे खूर दिसले की अर्धे काम झाले.

गारगोटी | १० जून २०२५, दुपारी १२:५०

मी शिकारी नाही. भूगर्भशास्त्राच्या कामासाठी त्या भागात दोन उन्हाळे काढले आहेत, त्यामुळे केवळ जमिनीविषयी लिहितो.

ग्रेट डिव्हाइड बेसिन म्हणून जो भाग आहे, तेथे खंडाचा जलविभाजक दुभंगतो आणि एका खोलगट प्रदेशाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो. तेथे पडलेले पाणी ना अटलांटिकला जाते ना पॅसिफिकला. ते आत जिरते किंवा उडून जाते. नकाशावर निळ्या रंगात दाखवलेली बरीच तळी म्हणूनच ऑगस्टमध्ये पांढऱ्या खारट पापुद्र्याची असतात. नकाशावरचे निळे म्हणजे पाणी, असे धरून चालू नका.

याउलट जेथे पाणी असेल असे कोणाला वाटणार नाही, तेथे ते सापडते. किलपेकर वाळूच्या टेकड्या पूर्व-पश्चिम सुमारे ५५ मैल पसरल्या आहेत. हिवाळ्यात टेकडीच्या वाऱ्याआडच्या बाजूला साचलेला बर्फ उडत्या वाळूखाली गाडला जातो आणि उन्हाळ्यात सावकाश वितळून टेकड्यांच्या पायथ्याशी लहान गोड्या पाण्याची डबकी करतो. त्या ओलाव्यावर टेकड्यांच्या कडेने सेजब्रश माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा वाढलेला मी पाहिला आहे. चाकोरी यांचा 'लपते कुठे' हा जो प्रश्न आहे, त्याचे एक उत्तर तेथे असावे.

स्टीमबोटचा माथा आणि त्याच परिसरातला बोअर्स टस्क हा सुळका, दोन्ही ल्युसाइट हिल्स या ज्वालामुखी क्षेत्राचा भाग आहेत. आपल्याकडे सह्याद्रीच्या किल्ल्यांवर कठीण थराखाली पाणी अडून कड्याच्या पोटात पाझरते, ते ज्याने पाहिले आहे त्याला स्टीमबोटच्या उतारांवर ॲस्पेनच्या झाडांचे हिरवे पुंजके का दिसतात हे समजावून सांगावे लागणार नाही.

एक इशारा. तेथील मातीत बेंटोनाइट असते. कोरडी असताना ती डांबरासारखी टणक, आणि अर्धा तास पाऊस झाला की विदर्भातील काळ्या मातीची मोठी बहीण. चारही चाके फिरवणारी गाडी तिला काही सांगू शकत नाही. पाऊस आला तर आहे तेथे थांबा, एक दिवस जाऊ द्या.

पहिलटकर | ११ जून २०२५, रात्री १०:०५

धागा आवडीने वाचतो आहे. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला अशा शिकारीला बंदूक घेऊन जाता येईल का, की केवळ सोबत म्हणून जावे?

गवताळ | ११ जून २०२५, रात्री १०:३०

संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हाती असणाऱ्यांना त्यातून अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. चूक झाली तर ती व्हिसाच्या मुळावर येऊ शकते, म्हणून येथे विचारण्यापेक्षा वकिलाला विचारा. पाहणीला मात्र कोणताही परवाना लागत नाही. दुर्बीण घेऊन खुशाल या.

रानवाटा | १२ जून २०२५, सकाळी ६:२०

गवताळदादांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, एका मुद्द्यावर मात्र स्पष्ट असहमती नोंदवते. मी नेवाडा आणि युटा येथील उंच वाळवंटात शिकार केली आहे आणि पाण्याच्या भरवशावर राहून एक संपूर्ण हंगाम वाया घालवला आहे.

ऑगस्टमध्ये पाणी हे सर्वस्व असते, कारण जनावराला ते रोज लागते आणि दुपारी तीस अंशांवर ऊन असते. ऑक्टोबरमध्ये तसे राहत नाही. रात्री गोठवणारी थंडी पडते, पहाटे गवतावर हिमकण असतात, एखादी बर्फाची भुरभुर होऊन जाते, आणि मग त्याच टाकीवर तुम्ही तीन दिवस बसलात तरी गुरांशिवाय कोणी फिरकत नाही. ऑगस्टची पाहणी ऑक्टोबरसाठी वापरायची असेल तर 'पाणी कुठे पितात' यापेक्षा 'दिवसभर कुठे पडून राहतात' आणि 'माणूस दिसला की कुठे जातात' हे दोन प्रश्न विचारावेत. झोपण्याच्या जागा आणि पळण्याच्या वाटा ऋतूप्रमाणे तेवढ्या बदलत नाहीत.

दुसरे असे की, पाहणीच्या वेळी नकाशावर गाडीपासूनचे अंतर मोजून ठेवावे. मादीचे हाडाविना मांस भरले तरी साठ-सत्तर किलो होते, म्हणजे एकट्या माणसाला पाठीवर तीन, क्वचित चार खेपा. प्रत्येक खेपेला जाऊन येणे धरा. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे वायोमिंगमध्ये गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते लाजिरवाणेच. माझी स्वतःची मर्यादा सरळ रेषेत तीन किलोमीटर आहे. त्यापलीकडे कितीही कळप दिसो, ते मी केवळ पाहते. पाहणी करण्यापूर्वीच ही मर्यादा ठरवली नाही, तर प्रत्यक्ष वेळी मोह आवरत नाही.

पाण्यावर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी त्यांचा वापर बंद केला आहे, नेवाडातही सार्वजनिक जमिनीवर हंगामी बंदी असते. वायोमिंगचे चालू नियम वाचूनच काय ते ठरवावे. ड्रोन मात्र घरीच ठेवा.

गवताळ | १२ जून २०२५, सायंकाळी ६:४५

ताईंचा मुद्दा रास्त आहे. मी माझे म्हणणे थोडे आवरते घेतो : पाण्यावर बसून शिकार करा असे नव्हे, पाण्यापासून माग काढायला सुरुवात करा.

त्यात भर म्हणून एक घरगुती युक्ती. नकाशावर गाडी जाऊ शकते असा प्रत्येक रस्ता, दोन चाकोऱ्यांचा का असेना, पेन्सिलीने काढा. मग प्रत्येक रस्त्यावरून डोळ्यांना काय काय दिसते, तेवढा भाग रेघा मारून भरून टाका. गूगल अर्थमध्ये जमिनीच्या पातळीवर उतरून हे चांगले कळते. डोंगरात रस्त्यापासून दूर गेले की माणसांपासून सुटका होते. उघड्या माळावर दूर जाऊन भागत नाही, कारण चार किलोमीटरवरच्या पिकअपमधून दुर्बीण लावलेला माणूस तुमचा कळप पाहतोच. तेथे किंमत असते ती रस्त्यावरून न दिसण्याला. रेघा मारून झाल्यावर जे लहानसहान पांढरे ठिपके उरतील, म्हणजे घळी, खोलगट भाग, पठाराच्या मागची खांदी, ते तुमचे पाहणीचे ठिकाण. रस्त्यापासून आठशे मीटरवरची घळसुद्धा त्यात निघते आणि बाकी सारे तिच्यावरून पुढे निघून जातात.

चाकोरी | १९ ऑगस्ट २०२५, रात्री ८:३०

सर्वांचे आभार. गुरुवार ते रविवार पाहणी करून परतलो आहे. सविस्तर लिहितो, कारण चुका बऱ्याच झाल्या आणि त्याच अधिक उपयोगी पडतील.

गवताळदादांची पेन्सिलीची युक्ती मी जुलैमध्ये केली. पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग निवडला होता, त्यातून रस्त्यांना न दिसणारे चौदा ठिपके उरले. तीन किलोमीटरची रानवाटाताईंची मर्यादा लावली तेव्हा त्यांतले पाच गळाले. नऊ ठिपके आणि सोळा पाणवठे घेऊन निघालो.

रॉक स्प्रिंग्जहून १९१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला गेलो आणि मग कच्च्या रस्त्याला लागलो. वाटेत व्हाइट माउंटनची प्रस्तरचित्रे पाहण्यासाठी अर्धा तास मोडला. वालुकाश्मात कोरलेली ही चित्रे दोनशे ते हजार वर्षांपूर्वीची मानली जातात आणि त्यांत एल्क आहे. रत्नागिरीकडची कातळशिल्पे पाहिलेल्या माणसाला दगडातले जनावर नवे नाही, तरीही ज्याच्या शोधात निघालो त्याचे पहिले दर्शन असे झाल्याने जरा बरे वाटले. पहिले दोन दिवस तेवढेच दर्शन झाले.

गाडी उभी केली ती जागाच समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरवर होती, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेचारशे मीटर वर. दोन जादा टायर, पन्नास लिटर पाणी, डिझेलचा एक डबा आणि उपग्रहावरून निरोप धाडणारे यंत्र सोबत होते. पहिला टायर दुसऱ्याच तासाला गेला. सेजब्रशचा वाळलेला बुंधा सुळासारखा असतो, हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

शुक्रवारी पहाटे एका उंचवट्यावर तिपाईला दुर्बीण लावून बसलो. चाळीसेक रानटी घोडे आणि साठाच्या पुढे प्रॉन्गहॉर्न, म्हणजे येथील हरणासारखी जनावरे, दिसली. एल्क शून्य. माझी पहिली चूक अशी की, मी साडेनऊपर्यंत बसून राहिलो आणि आठनंतरची सारी वेळ फुकट गेली. ऊन तापले की जमिनीवर मृगजळ नाचू लागते आणि दोन किलोमीटरवरचा खडक, घोडा आणि एल्क यांत फरक राहत नाही. शेवटच्या तासाभरात मी एका खडकाला तीन वेळा एल्क समजलो. दुसऱ्या दिवसापासून मी फटफटण्यापूर्वी बसायचे आणि आठला उठायचे असे ठरवले. मधली दुपार पाणवठे तपासायला ठेवली आणि सायंकाळी पुन्हा बैठक मारली.

सोळा पाणवठ्यांपैकी सात कोरडे निघाले. गारगोटी यांनी म्हटल्याप्रमाणे त्यांतली तीन तर नकाशावर ठळक निळी होती. उरलेल्या नवांपैकी बहुतेकांवर घोड्यांचे राज्य. एकसंध गोल खुराचे ठसे, शेणाचे ढीग आणि तुडवलेला चिखल. एका टाकीपाशी गुरांची देखभाल करणारा एक गृहस्थ पंपाशी खटपट करत होता. त्याने सांगितले की, घोडे असेपर्यंत एल्क जवळ येत नाहीत. रात्री घोडे हलले की येतात आणि उजाडण्यापूर्वी गेलेले असतात. त्याच टाकीच्या काठावर त्यानंतर मी गुडघ्यांवर बसून शोधले तेव्हा घोड्यांच्या ठशांवर उमटलेले चार बोटे लांबीचे, दुभंगलेले, गुरांपेक्षा निमुळते ठसे सापडले. मी आधी येथून दोनदा तसाच पुढे गेलो होतो.

सर्वांत चांगला पुरावा मात्र माझ्याच गाडीने दिला. शनिवारी सकाळी परतताना आदल्या संध्याकाळी उमटलेल्या माझ्या टायरच्या नक्षीवर एल्कचे ठसे आडवे गेलेले दिसले. म्हणजे रात्रीतूनच, आठ-दहा जनावरे, दक्षिणेकडून उत्तरेकडे. हा माग काढायचा म्हणून मी उत्तरेला निघणार होतो, पण थांबलो. ती जिकडे गेली तिकडे जाऊन त्यांना उठवण्यापेक्षा, ती जिकडून आली तिकडे उलटा माग काढला. दीड किलोमीटरवर एक घळ लागली. ती माझ्या चौदा ठिपक्यांपैकी सहावी होती. आत सेजब्रश खांद्याएवढा होता, मध्ये लंबगोल दबलेल्या जागा, त्यांत राठ फिकट केस आणि लेंड्या. काही लेंड्या ओल्या होत्या. दुपारचे अकरा वाजले होते आणि बाहेर उन्हाचा तडाखा असताना आत चांगलाच गारवा होता.

रविवारी पहाटे त्या घळीपासून दोन किलोमीटरवर, वारा तोंडावर घेऊन बसलो. पाच पन्नासला अकरा एल्क एकामागून एक घळीत उतरले. सात माद्या आणि चार पिल्ले. सहा वाजून वीस मिनिटांनी तीन किलोमीटरवरच्या टेकडीच्या कण्यावरून एक पिकअप धुरळा उडवत गेली. तिचा आवाज मलाही आला नाही, पण सगळ्या माना एकदम वर झाल्या. पाच मिनिटांत कळप उठला. मला वाटले होते, तो माळावर उधळेल. तसे न होता तो घळीच्या वरच्या टोकाला गेला आणि दोन बुटक्या कड्यांमधील एका खिंडीतून पलीकडे उतरला. ती खिंड पन्नास पावलांपेक्षा रुंद नसेल. नकाशावरच्या समोच्च रेषांत ती दिसतच नाही.

नऊ ठिपक्यांपैकी पाच पाहून झाले, चार राहिले. एकूण अकरा एल्क दिसले. चार दिवसांच्या मानाने हा आकडा गरीबच म्हणावा लागेल.

रानवाटा | २० ऑगस्ट २०२५, सकाळी ६:०५

आकड्याचे सोडा. तुम्ही त्यांना पळताना पाहिलेत, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक कण्यावर एक पिकअप असणार आहे.

दोन प्रश्न. खिंडीपाशी वारा कसा वाहतो ते पाहिले का? आणि खिंडीच्या पलीकडे ती किती लांब गेली?

चाकोरी | २० ऑगस्ट २०२५, रात्री ९:१०

दोन्ही पाहिले नाही. पलीकडे जाऊन पाहावे असे वाटले, पण त्यांना दुसऱ्यांदा उठवायचे नव्हते.

गवताळ | २१ ऑगस्ट २०२५, सकाळी ७:००

गेला नाहीत ते उत्तम केलेत. वाऱ्याबद्दल एवढे लक्षात ठेवा : निरभ्र पहाटे थंड हवा जड होऊन घळीतून खाली वाहते, आणि ऊन लागल्यावर तासा-दीड तासात ती उलटून वर चढू लागते. मधला अर्धा तास ती कोणत्याच बाजूची नसते. त्याच अर्ध्या तासात बहुतेकांची शिकार बिघडते. दहा-अकरानंतर पश्चिमेचा जोराचा वारा सुरू होतो आणि मग हे स्थानिक खेळ संपतात. खिंड असली की वारा तिच्यातून नळीतून फुंकल्यासारखा जातो, म्हणजे तुम्ही तिच्या तोंडाशी बसलात तर तुमचा वास नेमका कळपाच्या नाकात. कडेला, उंचावर, शंभर-सव्वाशे मीटर दूर जागा शोधा. लहानशा बाटलीत टाल्कम पावडर न्या आणि तासातासाने एक चिमूट उडवून वहीत लिहा. कंटाळवाणे काम आहे, पण सप्टेंबरच्या दोन दिवसांत दुसरे काही केले नाहीत तरी चालेल.

गारगोटी | २१ ऑगस्ट २०२५, दुपारी १:१५

खिंड नकाशावर दिसत नाही यात नवल नाही. समोच्च रेषांमधले अंतर सहा-बारा मीटरांचे असेल तर त्याहून बुटका कडा दोन रेषांच्या मध्ये हरवून जातो. उंच वाळवंटात जनावरांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे बरेच काही याच मापाचे असते. त्यामुळे उरलेल्या चार ठिपक्यांवर निर्णय घरी बसून घेऊ नका.

चाकोरी | ३० सप्टेंबर २०२५, रात्री १०:२०

दुसरी पाहणी झाली. थोडक्यात लिहितो.

टाकीवर पहाटे बर्फाचा पातळ पापुद्रा होता. गुरे हलवलेली, घोडेही बरेच पांगलेले. टाकीच्या काठावर एल्कचा एकही ताजा ठसा नव्हता. रानवाटाताई, तुमचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. सहाव्या घळीतही कोणी नव्हते, लेंड्या सुकून पांढुरक्या पडल्या होत्या. तेथे उभा असताना मला खरोखर वाटले की, ऑगस्टचे चार दिवस पाण्यात गेले.

मग खिंडीच्या कडेला चढलो. तिच्यातली वाट पूर्वीपेक्षा जास्त तुडवलेली होती आणि ठसे दोन्ही दिशांचे. कळपाने घळ सोडली होती, पण खिंड सोडली नव्हती. पलीकडे उत्तर उतारावर, सुमारे चार किलोमीटरवर, माउंटन महोगनीची झुडपे आणि ॲस्पेनचा एक पिवळा पडलेला पुंजका आहे. सायंकाळी तेथून एका नराची शीळ ऐकू आली. आधी घोगरी, मग चढत जाऊन बासरीसारखी बारीक. माजाचा काळ अजून ओसरलेला नव्हता. अंधार पडता पडता दुर्बिणीत एकोणीस जनावरे मोजली. रात्री ती खिंडीतून अलीकडच्या मोकळ्या गवतात उतरतात आणि पहाटे परततात, असा माझा अंदाज आहे. दोन पहाटे बसलो, त्यांपैकी एका पहाटे तो खरा ठरला.

पावडरची वही भरली आहे. पहाटे सहापासून साडेआठपर्यंत हवा खिंडीतून दक्षिणेकडे खाली येते, नऊच्या सुमारास डळमळते. कड्याच्या पूर्व टोकाला, वाटेपासून एकशे तीस मीटरवर, पाठीला खडक असलेली बसण्याजोगी जागा मिळाली. तेथून गाडीच्या जागेपर्यंत सरळ रेषेत दोन किलोमीटर सहाशे मीटर. महोगनीचा उतार माझ्या मर्यादेबाहेर आहे, त्यामुळे तेथे जाणार नाही.

उरलेल्या चार ठिपक्यांपैकी दोन पाहिले. एकात शिकाऱ्यांचा जुना तळ आणि रिकामे डबे, दुसऱ्यात फक्त ससे.

रानवाटा | १ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६:१५

उत्तम. मांस भरायच्या कापडी पिशव्या सहा न्या, चार पुरत नाहीत. दुपारी ऊन वर येईल, तेव्हा मांस टांगायला सावली कुठे आहे तेही आताच ठरवा. ॲस्पेन नसेल तर कड्याची उत्तर बाजू चालते. हरणवर्गीय जनावरांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग रोगामुळे राज्याबाहेर डोके आणि पाठीचा कणा नेण्यावर निर्बंध असतात, म्हणून हाडे तेथेच सोडवा आणि नमुना तपासणीला द्या.

गारगोटी | ४ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२:३०

अंदाज पाहिलात का? तुमच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री पाऊस, उंचावर हिमवर्षाव दाखवत आहेत. तुमच्या गाडीच्या जागेपर्यंतचे शेवटचे सात किलोमीटर त्या चिकट मातीचे आहेत.

चाकोरी | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:००

पाहिला. पाऊस झाला तर गाडी खडीच्या रस्त्यावरच सोडीन, म्हणजे चालणे सात किलोमीटरने वाढेल आणि माझी तीन किलोमीटरची मर्यादा मोडेल. तसे झाल्यास पहिल्या दिवशी रायफल गाडीत कुलूपबंद ठेवून फक्त दुर्बीण आणि पावडरची बाटली घेऊन खिंडीवर जाईन. टॅग पुढचे काही दिवस चालतो, आणि ओल्या मातीत ठसे स्वच्छ उमटतात.